बोटावरची शाई दुबार मतदान खरोखर रोखू शकते का?

मुलुंडकर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

१५ जानेवारी २०२६ रोजी झालेल्या मुंबई महानगरपालिकेच्या निवडणुकीत मतदारांच्या बोटावर नेहमीच्या बाटलीतील शाईऐवजी मार्कर पेनने खूण करण्यात आली, आणि ती खूण नेलपॉलिश रिमूव्हरने पुसली जाते अशा तक्रारी मतदान सुरू असतानाच येऊ लागल्या. राज्य निवडणूक आयोगाने त्यावर दोन गोष्टी सांगितल्या. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांत असे मार्कर २०११ पासून वापरले जात आहेत, ही पहिली. आणि खूण पुसली गेली तरी त्या व्यक्तीला पुन्हा मत देता येत नाही, कारण तिने मतदान केल्याची नोंद झालेली असते, ही दुसरी.

ही दुसरी गोष्ट माझ्या मनातून जात नाही. नोंद पुरेशी असेल, तर इतकी वर्षे आपण बोटाला शाई लावून घेतो ती कशासाठी? आणि शाईची गरज असेल, तर ती पुसली जाणे ही किरकोळ बाब कशी? त्यातच याच निवडणुकीच्या प्रारूप मतदारयादीत, मुंबईतील सुमारे १ कोटी ३ लाख मतदारांमध्ये, दुबार नावांच्या ११ लाखांच्या आसपास नोंदी असल्याचे पुढे आले होते. ज्याचे नाव दोन ठिकाणी आहे त्याला दुसऱ्या ठिकाणी जाऊन मत देण्यापासून नेमके कोण अडवते, हे मला समजून घ्यायचे आहे.

कोणता पक्ष काय म्हणाला, यावर येथे चर्चा नको, ती इतरत्र भरपूर झाली आहे. ज्यांना शाईचे रसायन माहीत आहे, ज्यांनी निवडणुकीची ड्यूटी केली आहे किंवा ज्यांना कायदा कळतो, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

रसायनशास्त्राचा शिक्षक, दादर

मुलुंडकर, शाईपुरते उत्तर मी देतो. बाटलीतील शाईचा प्राण म्हणजे सिल्व्हर नायट्रेट, चांदीचा एक क्षार. आमच्या प्रयोगशाळेत हातमोजे न घालणाऱ्या विद्यार्थ्याच्या बोटावर या क्षाराच्या द्रावणाचा थेंब सांडतो तेव्हा तेथे काहीच दिसत नाही. तो हात धुतो आणि निघून जातो. दुसऱ्या दिवशी तो बोट दाखवायला येतो, कारण रात्रीतून तेथे तपकिरी काळा डाग उमटलेला असतो आणि साबण, लिंबू, दगड यांपैकी कशानेही घासले तरी तो हलत नाही. मतदानाच्या शाईत याच गुणाचा उपयोग केलेला आहे. त्वचेवरील घामात मीठ असते, त्याच्याशी या क्षाराची क्रिया होऊन पाण्यात न विरघळणारे सिल्व्हर क्लोराइड तयार होते; त्वचेतील आणि नखातील प्रथिनांनाही चांदी चिकटते; मग उजेड पडला की तिचे सूक्ष्म काळे कण होतात. म्हणूनच केंद्रातून बाहेर पडताना जांभळट दिसणारी रेघ घरी पोहोचेपर्यंत काळपट होते.

मार्करचे तसे नाही. साध्या मार्करमध्ये रंग आणि राळ एखाद्या द्रावकात विरघळवलेली असते. द्रावक उडून गेला की रंगाचा पातळ थर कातडीवर बसतो. तो पाण्याने जात नाही म्हणून आपण त्याला पक्का म्हणतो, पण तसाच द्रावक पुन्हा लावला की तो थर सुटतो. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बहुधा ॲसिटोन असते, आणि राळ विरघळवणे हेच ॲसिटोनचे काम आहे. चांदीच्या डागाला विरघळवण्यासारखे ॲसिटोनपाशी काही नाही. मात्र येथे एक खुलासा करायला हवा. पेन म्हणजे वाईट आणि बाटली म्हणजे चांगली, असा याचा अर्थ घेऊ नये. सिल्व्हर नायट्रेट असलेली शाई पेनातही भरता येते आणि तसे पेन जगात काही ठिकाणी वापरलेही जातात. खूण टिकणार की नाही हे शाईत चांदीचा क्षार आहे की नाही आणि असल्यास किती आहे, यावर ठरते.

आपल्याकडे ही शाई दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने विकसित केली, आणि १९६२ च्या तिसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीपासून म्हैसूरचा कारखाना ती पुरवत आला आहे. हा कारखाना म्हैसूर संस्थानच्या महाराजांनी १९३७ मध्ये लाख आणि रंग बनवण्यासाठी सुरू केला होता. आज ती कर्नाटक सरकारची ‘म्हैसूर पेंट्स अँड व्हार्निश’ ही कंपनी आहे आणि शाईचे नेमके प्रमाण गुप्त ठेवले जाते. दहा मिलिलिटरच्या एका बाटलीत साधारण ७०० मतदारांची बोटे रंगतात. अनेक देश ही शाई भारतातून नेतात.

टिकण्याचे म्हणाल, तर कातडीवरची खूण वरचा थर झडेल तशी एकदोन आठवड्यांत फिकी पडते. नखाचे गणित वेगळे आहे. हाताचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते, त्यामुळे नखाच्या मुळाशी पडलेला डाग टोकापर्यंत सरकून कापला जायला काही महिने लागतात. २००६ पासून ठिपक्याऐवजी नखाच्या वरच्या टोकापासून बोटाच्या पहिल्या सांध्यापर्यंत रेघ ओढण्याचा नियम आहे. नख आणि कातडी दोन्हींवर खूण राहावी, हा त्याचा फायदा.

आता शाईच्या मर्यादा. क्रियेला वेळ लागतो आणि शाईचा त्वचेशी थेट संबंध यावा लागतो. बोट तेलकट असेल, किंवा शाई सुकण्याआधीच कोणी ती रुमालाने टिपली, तर चांदी आत मुरतच नाही. चांदीचा मुरलेला डागही रसायनशास्त्राला अजिंक्य नाही. ते उपाय मी येथे लिहिणार नाही, कारण त्यांतले काही त्वचेला इजा करणारे आहेत आणि काही सरळ विषारी आहेत. पण प्रश्न प्रामाणिक आहे म्हणून उत्तरही तसेच द्यायला हवे. मतदानाच्या दिवसापुरती, सामान्य माणसाच्या घरात असलेल्या वस्तूंनी न जाणारी खूण ही शाई देते. तिच्याकडून याहून अधिक अपेक्षा ठेवू नये, आणि याहून कमी देणारी शाई वापरूही नये.

निवृत्त शिक्षिका, परळ

मी शाळेत असताना लोकसभा, विधानसभा आणि महापालिका अशा तिन्ही निवडणुकांची ड्यूटी केली आहे, आणि बऱ्याचदा माझ्याकडे शाईचेच टेबल असे. तेथून जे दिसते ते लिहिते.

लोकसभा-विधानसभेच्या केंद्रात मतदार आधी पहिल्या मतदान अधिकाऱ्याकडे जातो. तेथे त्याची ओळख पटवली जाते, यादीतील नाव मोठ्याने वाचले जाते म्हणजे पक्षांच्या प्रतिनिधींनाही ऐकू जावे, आणि यादीच्या प्रतीत त्या नावावर खूण केली जाते. मग तो दुसऱ्या टेबलाशी येतो. बाटली कलंडू नये म्हणून ती वाळू भरलेल्या डब्यात रोवून ठेवलेली असते. नियमाप्रमाणे दुसऱ्या अधिकाऱ्याने आधी डाव्या हाताची तर्जनी नीट पाहायची, तेल किंवा मेण लावलेले आढळले तर ते कापडाने पुसून घ्यायचे, मग शाई लावायची, मग नोंदवहीत सही किंवा अंगठा घ्यायचा. क्रम असा ठेवण्याचे कारण उघड आहे. सही होईपर्यंत शाई सुकते. शेवटी तिसऱ्या अधिकाऱ्याने खूण शाबूत आहे ना हे पुन्हा पाहायचे आणि तेव्हाच यंत्र सुरू करायचे. बोट दाखवायला नकार देणाऱ्याला, आधीची खूण असलेल्याला, किंवा लावलेली खूण पुसण्याचा हट्ट धरणाऱ्याला मतदान करू द्यायचे नाही, असे नियमात स्पष्ट आहे.

शाई लावणे एकही अधिकारी विसरत नाही, कारण ते दिसणारे काम आहे. पण शाई लावण्याआधी बोट पाहणे हे काम दुपारी रांग लांबली की मागे पडते. मतदार स्वतःहून बोट पुढे करतो, अधिकारी काडी किंवा ब्रश फिरवतो आणि दोघेही पुढच्या कामाला लागतात. आदल्या खुणेचा शोध घेतला जात नाही. त्यात हातावर गडद मेंदी असली, नखांना लाल नेलपॉलिश असले, किंवा एखाद्या कामगाराच्या नखात ग्रीस बसलेले असले, तर खूण ओळखणे अवघड जाते. नेलपॉलिशवर ओढलेली रेघ नेलपॉलिशबरोबर निघूनही जाते. अशा वेळी रेघ नखाच्या खाली कातडीपर्यंत आली आहे ना, हे पाहण्याची मी सवय लावून घेतली होती, आणि नव्या सहकाऱ्यांनाही तेच सांगत असे. शाई उत्तम असूनही बोट कोणी पाहिलेच नाही, तर ती शाई कोणालाच अडवत नाही.

आता मुलुंडकर, आपल्या मुख्य प्रश्नाकडे येते. नोंद आणि शाई या दोघी वेगवेगळ्या दारांवर उभ्या असलेल्या पहारेकरी आहेत. यादीवरील खूण आणि नोंदवहीतील सही ही त्या एका केंद्रापुरती असते. त्याच केंद्रात त्याच नावाने कोणी पुन्हा आला, तर नोंद त्याला नक्की अडवते, आणि त्यासाठी शाईची गरज पडत नाही. इतके आयोगाचे म्हणणे बरोबर आहे. पण माझ्या परळच्या केंद्रातील नोंदवहीला भांडुपच्या केंद्रात सकाळी काय घडले हे कळत नाही. दोन्ही नोंदवह्या आपापल्या केंद्रात संध्याकाळी सीलबंद होतात आणि मतदान सुरू असताना त्यांची एकमेकींशी गाठ पडत नाही. ज्याचे नाव दोन्हीकडे आहे त्याने भांडुपला मत दिले आहे, हे मला परळमध्ये सांगणारी एकच गोष्ट आहे, आणि ती म्हणजे त्याचे बोट. म्हणून ज्या निवडणुकीत दुबार नावे लाखांनी आहेत, नेमक्या त्याच निवडणुकीत शाई कच्ची असणे मला गंभीर वाटते. यादी जितकी अशुद्ध, तितकी सगळी भिस्त शाईवर येते.

या वेळी दुबार नावांसमोर दोन तारे छापले होते आणि अशा मतदारांकडून आपण एकाच ठिकाणी मत देऊ असे हमीपत्र घ्यायचे ठरले होते, ही चांगली गोष्ट झाली. पण हमीपत्र हे माणसाच्या शब्दावर चालते, आणि तारे ज्या नोंदी शोधता आल्या त्यांच्यापुढेच छापले जातात. नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर बदलले किंवा लग्नानंतरचे आडनाव लागले, की तीच बाई यादीत दोन वेगळ्या बायका म्हणून राहते.

अंधेरीकर

माझ्या मते हा सगळा वादच जुनाट आहे. बँकेत आणि रेशन दुकानात अंगठा लावून ओळख पटते, मग मतदान केंद्रात आधार आणि बोटांचे ठसे का नको? एकदा ठसा नोंदला की देशात कोठेही दुसरे मत देता येणार नाही. शाई, नखे आणि मेंदी यांवर चर्चा करण्याची वेळच येणार नाही.

एक वकील, गिरगाव

अंधेरीकरांच्या सूचनेवर नंतर येतो. आधी दोन प्रकारांतील फरक स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण आपण सारे ‘बोगस मतदान’ या एकाच शब्दात ते एकत्र करतो आणि मग शाईकडून नको ती अपेक्षा ठेवतो.

पहिला प्रकार म्हणजे एकाच माणसाने दोनदा मत देणे. दुसरा म्हणजे तोतयेगिरी, अर्थात दुसऱ्याच्या नावावर मत देणे. कल्पना करा की एखादा मतदार वारला आहे किंवा कायमचा परगावी गेला आहे, त्याचे नाव यादीत तसेच आहे, आणि त्याच्या नावावर असा मनुष्य मत देऊन जातो ज्याने त्या दिवशी दुसरीकडे कोठेही मत दिलेले नाही. त्याचे बोट कोरे आहे. शाई त्याला अडवू शकत नाही. उलट त्याच्या बोटालाही शाई लावली जाईल आणि तो इतरांसारखाच बाहेर येईल. त्याला अडवायचे असेल तर ओळखपत्राची बारकाईने तपासणी हवी, गैरहजर, स्थलांतरित आणि मृत मतदारांची वेगळी यादी केंद्राध्यक्षाकडे हवी, आणि तेथील माणसे ओळखणारे जागरूक मतदान प्रतिनिधी हवेत. प्रतिनिधीला एखाद्या मतदाराच्या ओळखीवर आक्षेप घ्यायचा असेल, तर दोन रुपये भरून तो घेता येतो, आणि केंद्राध्यक्षाला जागच्या जागी चौकशी करावी लागते. आणि खरा मतदार उशिरा आला व आपल्या नावावर कोणीतरी मत देऊन गेल्याचे त्याला कळले, तर त्याने रागाने परत जाऊ नये. ओळख पटल्यास त्याला प्रदत्त मतपत्रिका, म्हणजे अशा प्रसंगासाठी असलेली वेगळी मतपत्रिका, मागण्याचा हक्क आहे. ते मत वेगळ्या पाकिटात राहते आणि नेहमीच्या मोजणीत धरले जात नाही, पण निकाल न्यायालयात गेला तर ते पाकीट महत्त्वाचे ठरू शकते. याशिवाय तोतयेगिरी झाल्याची अधिकृत नोंद होते, ती निराळीच.

कायद्याची बाजू अशी. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम १७ आणि १८ नुसार लोकसभा-विधानसभेच्या यादीत एका व्यक्तीचे नाव एकाहून अधिक मतदारसंघांत किंवा एकाच मतदारसंघात दोनदा असता कामा नये. १९५१ च्या अधिनियमातील कलम ६२ पुढे जाऊन सांगते की नाव चुकून दोनदा आले असले तरी मत एकदाच द्यायचे, आणि दोनदा दिल्यास त्या व्यक्तीची सारी मते रद्द ठरतात. प्रत्यक्षात मत गुप्त असल्यामुळे यंत्रात गेलेले नेमके कोणते मत रद्द करायचे, हे त्या दिवशी कोणाला सांगता येत नाही. म्हणूनच मत पडण्यापूर्वी माणसाला अडवणे याला एवढे मोल आहे. आधी एकदा मत दिलेले असताना त्याच निवडणुकीत पुन्हा स्वतःच्याच नावाने मत मागणे, हेदेखील भारतीय न्याय संहितेच्या कलम १७२ खाली तोतयेगिरीतच मोडते, आणि कलम १७४ नुसार त्याला एक वर्षापर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. बोटावरील खूण पुसून दुसऱ्या केंद्रावर जाणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

आता आधारविषयी. २०२१ च्या दुरुस्तीने मतदारयादीशी आधार जोडण्याची तरतूद केली, परंतु आधार दिला नाही या एवढ्याच कारणाने कोणाचे नाव वगळता येत नाही. माझी खरी हरकत व्यावहारिक आहे. रेशन दुकानात ठसा जुळला नाही तर माणूस उद्या पुन्हा जाऊ शकतो. मतदानाला उद्या नसतो. ओझी उचलून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत असे माथाडी कामगार, भांडी घासणाऱ्या बाया, वृद्ध मंडळी, यांच्यापैकी किती जणांना यंत्र नाकारील, याचा विचार करा. दुबार मतदार अडवताना खऱ्या मतदाराला परत पाठवणारी पद्धत मला मान्य नाही. शाई येणाऱ्याला अगोदर नाकारत नाही आणि तिला वीज, नेटवर्क किंवा यादीची शुद्धता यांपैकी काहीही लागत नाही, हे तिचे मोठे सामर्थ्य आहे.

लालबागकर

वकीलसाहेबांनी कायदा नेमका मांडला. मी दुबार नावे येतात कोठून, याविषयी लिहितो, कारण अशा नावांच्या प्रत्येक माणसाला लबाड समजण्याची जी पद्धत पडली आहे ती मला बोचते.

आमच्या चाळीत निम्मी बिऱ्हाडे कोकणातली आणि उरलेली बरीचशी सातारा-कोल्हापूरकडची. चाकरमान्याचे घर दोन ठिकाणी असते. गावच्या यादीत त्याचे नाव वडिलांनी अठराव्या वर्षी घातलेले असते, आणि मुंबईत नोकरी लागल्यावर येथे नव्याने नोंद होते. जुने नाव काढण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो हे त्याला कोणी सांगितलेले नसते. दुसरे कारण पुनर्विकास. चाळ पाडली, माणसे संक्रमण शिबिरात गेली, तेथून काही विरारला, काही बदलापूरला गेली, आणि जुन्या पत्त्यावरची नावे यादीत राहिली. तिसरे असे की मुंबईसारख्या शहरात एकाच नावाची, एकाच वडिलांच्या नावाची आणि एकाच आडनावाची खरोखर वेगळी माणसे पुष्कळ आहेत. त्यांच्या नावापुढे तारे लागले म्हणून ती दुबार ठरत नाहीत.

पण याचा अर्थ दुरुपयोग होत नाही असा नाही, आणि येथेच शाई किती दिवस टिकते हा प्रश्न येतो. मार्च २०१४ मध्ये नवी मुंबईतील माथाडी कामगारांच्या मेळाव्यात शरद पवार यांनी साताऱ्यात १७ एप्रिलला मत देऊन २४ एप्रिलला मुंबईत पुन्हा देण्याविषयी आणि मधल्या काळात शाई पुसण्याविषयी विधान केले होते. ते आपण गमतीने बोललो, असा त्यांनी खुलासा केला आणि निवडणूक आयोगाने नाराजी नोंदवली. ते विधान बाजूला ठेवले तरी तारखा खऱ्या होत्या. २०२४ च्या लोकसभेलाही सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग येथे ७ मे रोजी मतदान झाले आणि मुंबईत २० मे रोजी. मध्ये तेरा दिवस. दादरच्या सरांनी सांगितल्याप्रमाणे बाटलीतील शाई नखावर इतके दिवस सहज राहते, त्यामुळे तेथे ती उपयोगी पडू शकते. आता या वेळचे पाहा. मालवण, सावंतवाडी, वेंगुर्ले येथील नगरपरिषदांचे मतदान २ डिसेंबर २०२५ रोजी झाले आणि मुंबईचे १५ जानेवारीला. सहा आठवड्यांच्या अंतराने कातडीवर काही उरत नाही, उरली तर नखावरची खूण उरते, आणि मार्कर असेल तर तीही नाही. म्हणून माझे मत असे की विधानसभा २० नोव्हेंबर २०२४ रोजी जशी सबंध राज्यात एका दिवसात झाली, तशा स्थानिक निवडणुकाही शक्य तेवढ्या जवळच्या तारखांना घ्याव्यात. मतदान जितके पसरेल, तितकी शाई अधिक टिकाऊ लागेल.

रसायनशास्त्राचा शिक्षक, दादर

लालबागकरांच्या आणि बाईंच्या लिखाणाला एक जोड देतो. खूण पुसली जाण्याने प्रत्यक्षात किती मते दुबार पडली, हे कळण्याआधीच दुसरे नुकसान होते आणि ते विश्वासाचे असते. अफगाणिस्तानात ९ ऑक्टोबर २००४ रोजी पहिली अध्यक्षीय निवडणूक झाली तेव्हा काही केंद्रांवर खूण धुतली जात असल्याची ओरड झाली, आणि त्याच दिवशी बहुतेक विरोधी उमेदवारांनी बहिष्कार जाहीर केला. काही केंद्रांवर चुकीचे पेन वापरले गेल्याचे तेव्हा समोर आले. मलेशियाने २००८ मध्ये शाई वापरण्याचे ठरवून मतदानाच्या चार दिवस आधी तो बेत रद्द केला, आणि २०१३ मध्ये ती प्रथम वापरली तर ती सहज धुतली जाते अशा तक्रारी झाल्या. दोन्हीकडे चर्चा निकालाऐवजी बोटांचीच होत राहिली.

म्हणून मला वाटते की प्रत्येक निवडणुकीपूर्वी पक्षांच्या प्रतिनिधींसमोर शाईची उघड चाचणी घ्यावी. चार स्वयंसेवकांच्या बोटांना रेघ ओढावी, दहा मिनिटांनी पाणी, साबण, स्पिरिट आणि नेलपॉलिश रिमूव्हर लावून पाहावे, आणि त्याची छायाचित्रे प्रसिद्ध करावीत. याला फारसा खर्च नाही. मार्करच वापरायचे असतील तर ते या चाचणीत उतरलेले असावेत.

मुलुंडकर

सर्वांचे मनापासून आभार. माझा घोळ नोंद आणि शाई यांना एकच काम आहे असे धरल्यामुळे होत होता, तो परळच्या बाईंमुळे सुटला. आमच्या सोसायटीतील एका शेजाऱ्यांचे नाव मुलुंडला आणि चिपळूणला दोन्हीकडे आहे, आणि माझ्या सासूबाई २०२१ मध्ये वारल्या तरी त्यांचे नाव अजून यादीत दिसते. या दोन्ही नावांचे काय करावे, हे कोणी सांगेल का?

निवृत्त शिक्षिका, परळ

सासूबाईंचे नाव कमी करण्यासाठी नमुना ७ भरावा आणि मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडावी. अर्ज निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून करता येतो, किंवा आपल्या भागाच्या बीएलओकडे, म्हणजे मतदारयादीचे काम पाहणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, कागदावर देता येतो. शेजाऱ्यांनी आधी कोणते नाव ठेवायचे हे ठरवावे, म्हणजे ते खरोखर जेथे राहतात तेथले. ते मुलुंडला राहत असतील तर चिपळूणचे नाव काढण्यासाठी नमुना ७ चालेल. पुढे कधी घर बदलले तर नव्याने नाव नोंदवण्याच्या फंदात न पडता स्थलांतरासाठी नमुना ८ भरावा, म्हणजे जुनी नोंद मागे राहत नाही. नव्याने नमुना ६ भरणे हेच पुष्कळ दुबार नावांचे मूळ आहे. अर्ज केल्यावर पावतीचा क्रमांक जपून ठेवा आणि महिन्याभराने यादीत नाव गेले का ते स्वतः पाहा, कारण तपासणीसाठी बीएलओ घरी येतात तेव्हा दार बंद असले की अर्ज रेंगाळतो.

आणखी एक. महापालिकेसाठी वेगळी मतदारयादी तयार होत नाही, विधानसभेचीच यादी प्रभागांप्रमाणे विभागली जाते. त्यामुळे नाव दुरुस्त करायचे ते विधानसभेच्या यादीत, आणि तेही निवडणूक जाहीर होण्यापूर्वी, कारण महापालिकेच्या वेळी यादी ठरावीक तारखेला गोठवली जाते आणि त्यानंतर केलेला अर्ज त्या मतदानाला उपयोगी पडत नाही. शेजाऱ्यांचा अर्ज भरताना अडचण आली तर येथे लिहा, मी सांगेन.